मूळपुरुष

आमच्या घरात पहिली उलटी बुधवारी सकाळी सव्वासहाला झाली आणि ती मी केली नव्हती, एवढं आधीच सांगून ठेवतो. ती माझ्या बायकोने, वृषालीने केली. दुसरीही तिनेच, आणि तिसरीही. चौथ्या खेपेच्या आधी तिने बाथरूमच्या दारातून मान बाहेर काढली आणि म्हणाली, "मंगेश, कशालाही हात लावू नकोस. आणि आक्काताईंना फोन करून विचार, काल संध्याकाळी त्यांना नक्की काय होत होतं."

तिला धड उभंही राहवत नव्हतं. पण साथीचा छडा लावायचा म्हटलं की वृषाली यमालाही दारात थांबवून ठेवील.

तिच्या या वेडाला मी तीस वर्षं हसत आलो आहे. आमच्या सांगलीच्या फ्लॅटमध्ये चार रंगांचे नॅपकिन आहेत आणि कुठला कुणाचा हे पाहुण्यांना आल्याआल्या सांगितलं जातं. प्रत्येक दाराच्या कडीला सॅनिटायझरची बाटली लटकते. पण या वेडाचं मूळ मला माहीत आहे. आमची केतकी तीन वर्षांची असताना एका लग्नाहून आम्ही तिघं हाच आजार घेऊन आलो होतो. मी दोन दिवसांत उठलो. केतकीला चार दिवस सलाइन लागलं. तिच्या एवढ्याशा हाताला शीर सापडेना, म्हणून पाच ठिकाणी टोचलं, आणि तो हात वृषालीने धरून ठेवला होता. त्यानंतर ती कधी निर्धास्त झालीच नाही.

आणि आता तीच केतकी सातव्या महिन्यात होती. शुक्रवारी पुण्याहून यायची होती, रविवारी डोहाळजेवण. चाळीस बायकांना निमंत्रणं गेली होती. गरोदरपणात असा आजार झाला आणि अंगातलं पाणी कमी झालं तर काय काय होऊ शकतं, ते वृषालीने आकड्यांसह वाचून ठेवलं होतं.

आक्काताईंना फोन केला. आक्काताई आमच्याकडे आणि सोसायटीत आणखी पाच घरी पोळ्या करतात. म्हणाल्या, काल सांजच्यापासून पोट बिघडलंय, दोनदा उलटी झाली, आज यायचं न्हाई.

"बघ," वृषाली पलंगावर आडवी होत म्हणाली. "आधी त्या, मग मी. त्यांनीच आणलं."

हिशेब सरळ होता. मीही मान डोलावली.

आता माझ्याबद्दल थोडं. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो. पोट लोखंडी, असा माझा लौकिक आहे. निदान माझ्यापुरता तरी. फक्त रक्तात साखर आहे. म्हणून दंडावर एक चिकटपट्टी असते, जी दर पाच मिनिटांनी साखर मोजून आकडा वृषालीच्या फोनवर धाडते. नवरा-बायकोच्या नात्यात अशा यंत्राने काय होतं ते ज्याच्या दंडावर ते आहे त्यालाच कळेल. एक पेढा खाल्ला की स्वयंपाकघरातून हाक येते.

पण शेरास सव्वाशेर असतोच. रोज सकाळी आमराईत फिरायला माझ्याबरोबर चौगुले सर असतात. निवृत्त ड्रिल मास्तर, काडीसारखे. त्यांची साखर ब्याण्णव. धावले तरी ब्याण्णव, झोपले तरी ब्याण्णव. आमराईच्या पलीकडे एक गुऱ्हाळ आहे. चरकाला घुंगरं बांधलेली आहेत आणि त्यांचा आवाज कानावर आला की माझे पाय आपोआप तिकडे वळतात. मग मी पट्टी सोडवतो, चौगुले सरांच्या दंडावर चिकटवतो आणि उसाच्या रसाचा मोठा ग्लास घेतो. आलं, लिंबू आणि भरपूर बर्फ. त्यानंतर चार फेऱ्या मारून रस जिरवला की पट्टी परत माझ्याकडे. सहा महिने वृषाली माझा सकाळचा आलेख बघून खूश होती. "चालण्याचा केवढा फरक पडलाय तुला," असं ती चारचौघांत सांगायची.

बुधवारी संध्याकाळी 'मागोवा' आला.

हे यंत्र दिसायला तांब्याएवढं. महापालिकेने साथीच्या दिवसांत घरोघरी वापरायला काढलं आणि आता ते प्रत्येक सोसायटीत भाड्याने मिळतं. त्यातून एक बारीक फवारा निघतो. फवाऱ्यातले रेणू या एकाच विषाणूच्या कवचाला चिकटतात आणि यंत्राच्या दिव्याखाली जांभळे चमकतात. जिथे जांभळं, तिथे विषाणू.

विषाणू भलता चिवट आहे. त्याच्या अंगावर चरबीचं वेष्टण नसतं, त्यामुळे सॅनिटायझरमधल्या अल्कोहोलला तो फारसा भीत नाही. साबण आणि भरपूर पाण्याने तो हातावरून वाहून जातो. मारायचाच तर ब्लीच लागतं. पोटात जायला वीस-पंचवीस कण पुरे होतात, आणि सगळ्यात वाईट म्हणजे काही माणसांना तो काहीच करत नाही. ती हसतखेळत हिंडतात आणि सगळीकडे तो वाटत सुटतात. हे सगळं यंत्राबरोबरच्या पुस्तिकेत होतं. मी ते दुसऱ्या दिवशी वाचलं.

वृषालीला उठवत नव्हतं, म्हणून दिवा मी फिरवला. खिडक्यांचे पडदे ओढले, फवारा मारला आणि दिवा लावला. घरभर जांभळी दिवाळी! टीव्हीचा रिमोट, फ्रिजचा दांडा, मिठाची बरणी, पोळपाट, नळाची तोटी. सॅनिटायझरच्या बाटल्यासुद्धा जांभळ्या.

"आपल्या घरात सहाशे बारा ठिकाणी अंश आढळले," यंत्र मऊ आवाजात म्हणालं. "कृपया घाबरू नका."

"पोळपाट आहे ना त्यात?" आतून वृषाली ओरडली.

"आहे."

"मला माहीतच होतं!"

शेवटी मी देव्हाऱ्याकडे वळलो. तिथे बेदाण्यांचा डबा असतो. रोज आंघोळ, पूजा, मग पाच-पाच बेदाण्यांचा नैवेद्य आणि तो प्रत्येकाच्या तळहातावर मी माझ्या हाताने ठेवायचा, असा आमचा नेम आहे. आक्काताईही पोळ्यांना बसण्याआधी हात पुढे करतात आणि तो प्रसाद तिथेच तोंडात टाकतात. त्या डब्याला घरात माझ्याशिवाय कुणी शिवत नाही.

डबा असा चमकत होता की त्याच्या उजेडात पोथी वाचता आली असती.

"देवघरात काही आहे का?" वृषालीने विचारलं.

मी स्वतःच्या उजव्या हातावर दिवा धरला. मनगटापर्यंत जांभळा. पूजेआधी मी एकदा संडासला जाऊन येतो, वय झालं. आणि आल्यावर साबणाचा खटाटोप नको म्हणून बाटलीतले दोन थेंब चोळतो.

"नाही," मी म्हणालो आणि देव्हाऱ्याचं दार लावलं. मग हात साबणाने धुतले. तीनदा.

यंत्राचा दुसरा भाग म्हणजे पट्ट्या. सकाळी उठल्यावर, काही न खाता, पट्टी जिभेवर अर्धा मिनिट ठेवायची आणि यंत्रात घालायची. कुणाकडून कुणाला गेलं ते त्यावरून कळतं. विषाणू पोटात गेला की स्वतःच्या नकला काढतो आणि नकला काढताना चुकतो. पदार्थांची वही जशी एकीकडून दुसरी उतरवून घेते तसं. एकीने चुकून 'दोन चमचे मीठ' लिहिलं की पुढच्या सगळ्या वह्यांत तेच, आणि प्रत्येकीची स्वतःची एखादी नवी चूक वर. चुका मोजल्या की कुठली वही मूळची ते समजतं. वृषालीच्या वडिलांनी त्यांच्या घराण्याचा कुलवृत्तांत लिहिला होता, त्यामुळे तिला हे चटकन पटलं. "विषाणूचा कुलवृत्तांत," ती म्हणाली. "मूळपुरुष सापडला की झालं."

झालं म्हणजे काय, तेही सांगतो. आमच्या सोसायटीने नियम केला होता. जो स्रोत ठरेल त्याचं फाटकाचं कार्ड एकवीस दिवस बंद. कुणाचा स्रोत सापडलाच नाही तर जो पहिला आजारी पडला तोच स्रोत धरायचा. नियम सभेत एकमताने मंजूर झाला होता. हात मीही वर केला होता.

गुरुवारी सकाळी माझी पट्टी खिशात घालून मी आमराईत गेलो. खाई त्याला खवखवे. जिभेवरची पट्टी म्हणजे रसही कळणार, अशी मला भीती. डब्याचा जांभळा उजेडही डोळ्यांपुढून हलत नव्हता, पण मी स्वतःला सांगितलं की ही भीती फक्त रसाची आहे.

"चौगुले सर, जीभ काढा."

"आता जीभ पण?" सर म्हणाले. पण माणूस शिस्तीचा. अर्धा मिनिट घड्याळ लावून जीभ बाहेर काढून उभा राहिला. येणारेजाणारे बघत होते.

गुऱ्हाळ बंद होतं. फळीवर खडूने लिहिलं होतं, 'प्रकृती बरी नसल्यामुळे रविवारपासून बंद'. घुंगरं ऐकू येईनात म्हणून मी रविवारपासून दुसरीकडे शहाळ्यावर भागवत होतो, त्यामुळे कारण आत्ता वाचलं. माझा शेवटचा ग्लास शनिवारचा होता.

संध्याकाळी अहवाल आला. आक्काताईंची पट्टी फाटकावरच्या रखवालदाराने घेऊन पाठवली होती. आजारी पडण्याच्या क्रमावरून आक्काताईंकडून वृषालीला, असा बाण. माझ्या नावापुढे 'निर्दोष'. खाली बारीक अक्षरांत 'एक दुवा सापडत नाही, कृपया घाबरू नका'. बारीक अक्षरं कोण वाचतं? वृषालीने अहवाल सोसायटीच्या गटावर टाकला. सेक्रेटरी पाटणकरांनी लगेच उत्तर दिलं, उद्या सकाळी दहाला कार्ड बंद करतो.

त्या रात्री मी जेवलो नाही. लोखंडी पोटाला काहीच झालं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी फिरून आलो तर फाटकाबाहेर आक्काताई उभ्या. चेहरा उतरलेला, हातात पिशवी.

"दादा, माझं कार्ड बंद करनार म्हनं?"

"तसं म्हणतायत खरं."

"म्या कुठं काय खाल्लं हो बाहेरचं? सोमवारी दोन घरचं काम केलं, तुमच्याकडचा परसाद घेतला, घरी जाऊन भाकरी खाल्ली." त्या थांबल्या. "सहा घरं हायत माझी. एकवीस दिस कोन थांबतंय? दुसरी बाई लावत्यात. आनि साथ पसरीवली म्हनून नाव झालं की दुसऱ्या सोसायटीत पन कोन घेत न्हाई."

मग त्या आवाज खाली करून म्हणाल्या, "तुमचं पोट बरं हाय ना? त्या गुऱ्हाळवाल्याच्या घरात समदी आजारी हायत म्हनं. शनिवारी तुमास्नी तिथंच बघितलं म्हनून इचारलं."

"तुम्ही बघता मला?"

"रोजच बघते की. माझा रस्ताच त्यो हाय. चौगुले मास्तरच्या दंडाला कायतरी चिकटीवता आनि ग्लास उचलता."

"मग वृषालीला कधी बोलला नाहीत?"

"नवऱ्याचं गाऱ्हानं बायकोला सांगितलं तर सहा घरांत टिकंल का मी?" त्या म्हणाल्या. "आनि तुमचं मन हाय रसावर, ते मी कशापायी मोडू?"

त्यांना माहीत नव्हतं. तो शनिवारचा रस, माझा हात, पाच बेदाणे, हा बाण त्यांनी जोडलाच नव्हता. माझी काळजी म्हणून त्या विचारत होत्या. आणि मी त्यांच्या कार्डावर माझी कातडी वाचवून बसलो होतो. एवढी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

"आक्काताई, हे तुम्ही नाही आणलं," मी म्हणालो. "मी आणलं. मी तुम्हाला प्रसादातून दिलं."

त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "द्येवाच्या परसादातनं?"

"देवाचा दोष नाही. मी हात धुतले नव्हते."

वर जाऊन मी वृषालीपुढे उभा राहिलो. ती पेज पीत होती. मी सगळं सांगितलं. डबा, पट्टी, चौगुले सरांची जीभ, गुऱ्हाळ. सांगताना एकदाही थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर पुढचं सांगितलंच नसतं.

वृषालीने वाटी खाली ठेवली.

"दंडावरची पट्टी चौगुल्यांच्या दंडावर?"

"तासभरच."

"म्हणजे गेले सहा महिने मी कुणाची साखर बघून खूश होत होते?"

"चौगुले सरांची."

"मी त्या आकड्यांचा फोटो केतकीला पाठवत होते रे रोज! बाबांची तब्येत बघ म्हणून!" असं ओरडून ती पलंगावर मागे टेकली. मला वाटलं आता रसाचा हिशेब होणार. पण ती हळू आवाजात म्हणाली, "काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी तीन दिवस त्या बाईला नावं ठेवली मंगेश. सगळ्या गटावर. मला फोन दे."

तिने आक्काताईंना फोन लावला. "आक्काताई, चुकलं माझं," एवढंच म्हणाली आणि तिला रडू आलं. पलीकडून आक्काताईच तिची समजूत घालत होत्या, हे मला लांबूनही कळत होतं.

यंत्रात एक शिल्लक पट्टी होती. ती मी माझ्या जिभेवर ठेवली. वृषालीने पूर्ण अर्धा मिनिट माझ्यावरून नजर हलवली नाही.

पाटणकरांना संध्याकाळपर्यंत थांबवलं. पाच वाजता यंत्र बोललं, "मूळ स्रोत सापडला आहे. सदस्य क्रमांक एक, कुटुंबप्रमुख. अभिनंदन." अभिनंदन कशाबद्दल ते त्या कंपनीलाच ठाऊक. माझ्या विषाणूत सगळ्यात कमी चुका होत्या. एक बाण आक्काताईंकडे, एक वृषालीकडे, दोन्ही माझ्यापासून.

पाटणकर वर आले आणि दारातच घुटमळले. "सबनीस, असं करूया, 'स्रोत अज्ञात' टाकू. नियम आपला आहे, पण तो, म्हणजे, रहिवाशांसाठी असा नव्हता हो."

"अज्ञात टाकलं तर पहिली आजारी ती स्रोत."

"हो, ते होतं खरं."

"म्हणजे परत आक्काताई."

"त्यांची आपण समजूत काढू. तुम्ही निवृत्त अधिकारी, जरा विचार करा. गटावर तुमचं नाव बरं दिसेल का?"

मी फोन काढला आणि त्यांच्यासमोर गटावर लिहिलं, 'स्रोत मी आहे. मंगेश सबनीस, बी ४०३. आक्काताईंना हा आजार माझ्या हातून झाला. माझं कार्ड बंद करावं.' पहिलं उत्तर चौगुले सरांच्या मुलीचं आलं. 'काका, म्हणजे बाबांची जीभ त्यासाठी होती का?'

कार्ड सहा वाजता बंद झालं. आक्काताईंनाही चार दिवस घरी बसून बरं व्हायला सांगितलं आणि सहाही घरांनी तेवढ्या दिवसांत दुसरी बाई लावायची नाही, असं वृषालीने गटावर प्रत्येकीकडून नावानिशी कबूल करून घेतलं. साथीच्या बाबतीत तिच्याशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती. केतकीला परस्पर मिरजेला मावशीकडे उतरवलं. तिने तिथून फोन केला आणि पाच मिनिटं नुसती हसत होती. "आई म्हणते तुला आता नावाने हाक मारायची नाही. मूळपुरुष म्हणायचं."

डोहाळजेवण सोळा दिवस पुढे गेलं. तोवर घर ब्लीचने दोनदा पुसलं, बेदाणे फेकले, डबा उकळला. त्या दिवशी येणाऱ्या प्रत्येक बाईचा तळहात वृषालीने दारात दिव्याखाली धरला आणि मगच अत्तर लावलं. चाळीस जणी, चाळीसही स्वच्छ. आक्काताईंचा हात दिव्याखाली धरायला वृषालीला संकोच वाटला, तर त्यांनीच तो पुढे केला. "बगा की वैनी, नियम समद्यांना." कुठेही जांभळं नव्हतं.

जांभळं होतं ते फक्त माझ्या बोटांच्या टोकांना, पुसट. काही लोकांच्या पोटातून तो महिनाभर निघत राहतो, असं पुस्तिकेत आहे. म्हणून मी मागच्या खोलीत, दार बोटभर उघडं. फटीतून केतकी दिसत होती. हिरवी साडी, फुलांचे दागिने. पहिली ओटी कुणी भरायची यावर नात्यातल्या बायकांची कुजबुज चालली होती, तेवढ्यात वृषालीने आक्काताईंच्या हातात नारळ दिला. आक्काताई मागे सरल्या. वृषालीने त्यांचा हात धरून पुढे आणलं. केतकीने पदर पसरला आणि पाया पडायला वाकली. सातव्या महिन्यात वाकता येतं तेवढीच. माझे डोळे भरून आले. पुसायला हात उचलला आणि मग आठवलं की हाताने डोळे पुसायचे नाहीत.

जेवणं झाल्यावर दारावर टकटक झाली. आक्काताई उभ्या होत्या. ताट त्यांनी बाहेरच्या स्टुलावर ठेवलं. दुधीची भाजी, दोन पोळ्या, ताक.

"जिलबी?" मी विचारलं.

"न्हाई. वैनीनं सांगितलंय." त्यांनी दुसरी मूठ पुढे केली. आत नव्या डब्यातले पाच बेदाणे होते. पूजा हल्ली वृषाली करत होती. "ह्यो परसाद हाय. घ्या."

मी तळहात पुढे केला. इतक्या दिवसांनी देवाचं काही हातावर पडणार होतं.

आक्काताईंनी मूठ मागे घेतली.

"आधी साबन लावून या दादा," त्या म्हणाल्या. "थांबते मी."

मी हात धुवायला गेलो.